डूख धरणाऱ्या चंद्रकलाबाई

चंद्रकलाबाईंशी कोणी वाकडं बोललं तर त्या भांडत नसत. नुसत्या हसत. खालच्या ओठाची एक बाजू जराशी वर जायची, बस. त्यांच्या गाडीवर मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, काय सोशीक बाई आहे! पुढं कळलं की ते हसू आलं म्हणजे त्या माणसाची काही खैर नाही. आज नाही तर वर्षभरानं, पण नाही.

शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला एक बाई लागते, ती मी. मुलं मला ‘ताई’ म्हणत आणि त्यांना ‘ड्रायव्हर मावशी’. पाच-सहा वर्षं आम्ही एकाच गाडीवर होतो. जरीपटक्याकडून निघायचं, कामठी रोडनं पार कन्हानपर्यंत मुलं गोळा करायची आणि शाळेत सोडायची. दुपारी तेच उलट.

आमच्या फेरीत एका गल्लीच्या वळणावर पांढरी मोटार रोज आडवी उभी असायची. एकदा मी उतरून तिच्या मालकाला हाक मारली. बनियनवर बाहेर आला, गाडीच्या काचेतून चंद्रकलाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, “ओ बाई, वळवता येत नसेल तर घरी बसून भाकऱ्या थापा. हे बायकांचं काम आहे का?”

चंद्रकलाबाई हसल्या. एवढी मोठी बस त्यांनी गल्लीच्या तोंडापर्यंत उलटी नेली आणि दुसऱ्या रस्त्यानं काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून नीट उजाडलंही नव्हतं, त्यांनी बस त्या घराच्या खिडकीखाली उभी केली आणि हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच.

“इथून कोणतं मूल चढतं, बाई?” मी विचारलं.

“कोनतंच नाही.”

“मग हॉर्न कशाला?”

“त्याले उठवून राहिली. भाकर खायची वेळ झाली त्याची.”

हे रोज. हिवाळा लागला, तरी रोज. शेवटी तो माणूस अंगात स्वेटर घालून दारात हात जोडून उभा राहिला. मोटार त्यानं केव्हाच हलवली होती. “बाई, चुकलं माझं. माफ करा.” “जा, माफ केलं,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉर्न! मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाल्या, “माफ केलं म्हटलं वं मी. हॉर्न बंद करीन असं कुठं म्हटलं?” उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या तेव्हाच त्या घराला झोप मिळाली.

हे ऐकून लोक हसतात. मीही हसायचे. पण गाडीच्या बाबतीत त्यांच्याजवळ हसणं नव्हतं. पहाटे गाड्या लावायच्या मैदानात मी पोचायचे तेव्हा त्या बसखाली आडव्या पडलेल्या असायच्या. अंगाखाली जुनी चादर, हातात टॉर्च. बाहेर आल्या की केस बांधायच्या, सीटवर बसायच्या आणि ब्रेकवर असा पाय मारायच्या की पायाखाली साप आलाय असं वाटावं. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मग गाडी थोडी हलवून थांबवून बघायच्या. त्यानंतरच मला हाक: “ये वं वंदना, चढ.”

मुलं बसली नसली तर गाडी हलत नसे. “बूड टेकल्याशिवाय चाक फिरनार नाही,” असं त्या समोर बघतच ओरडायच्या, आणि मागचे दांडगट पोट्टेही गप्पकन बसायचे. एप्रिलमध्ये इंजिनाचं झाकण एवढं तापायचं की त्यांच्या डाव्या पायाची सालटी निघायची. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, आणि पाणी मात्र घोटभरच, कारण सकाळपासून दुपारपर्यंत बाईमाणसाला जायला जागा कुठं? पुरुष ड्रायव्हर कुठल्याही भिंतीआड उभे राहत. चंद्रकलाबाई कळ काढत. वर दोन मिनिटं उशीर झाला की फाटकात उभ्या पालकांची बोलणी. त्यांतली काही बोलणी त्या विसरायच्या आणि काही ऐकून हसायच्या. कोणत्या बोलण्याचं काय होणार, हे मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

पण हे सगळं किरकोळ होतं. त्यांचा खरा डूख एकाच माणसावर होता, आणि त्याच माणसाची गाडी त्या चालवत होत्या.

भोजराजजी आमचे मालक. शाळेला बस पुरवायचं कंत्राट त्यांचं. पांढरे कपडे, पांढरे बूट, आणि बोलणं असं गोड की समोरच्याला वाटावं हा आपला मोठा भाऊच. शाळेत पाहुणे आले की ते चंद्रकलाबाईंना बोलावून घेत, खांद्यामागे हात धरून उभे राहत आणि सांगत, “देखो साहब, हिचा नवरा माझ्याकडेच ड्रायव्हर होता. दारू पिऊन माझी गाडी ठोकली त्यानं, लेकरांनी भरलेली. पण मी म्हटलं, नवऱ्याच्या पापाची शिक्षा बायकोला कशाला? तिला उभं केलं.” पाहुणे टाळ्या वाजवायचे. चंद्रकलाबाई हात जोडून उभ्या. आणि ते हसू.

दिवाळीला मालक सगळ्यांना मिठाईचा डबा द्यायचे. चंद्रकलाबाई दोन्ही हातांनी घ्यायच्या, कपाळाला लावायच्या आणि परत जाताना नाल्याकाठच्या डुकरांपुढे उघडून ठेवायच्या. एका बर्फीचाही तुकडा त्यांनी कधी चाखला नाही.

खरी गोष्ट त्यांनीच मला सांगितली, कन्हानकडून रिकामी गाडी परत आणताना. वाटेतल्या उड्डाणपुलाच्या उतारावर एका ठिकाणी दगडी कठडा खरवडलेला आहे. तिथं त्या रोज गाडी हळू करायच्या. त्या दिवशी थांबवलीच.

“हे प्रभाकरनं केलं,” त्या म्हणाल्या.

प्रभाकरभाऊ म्हणजे त्यांचे यजमान. आठवडाभर ते मालकांना सांगत होते की ब्रेक खाली जातोय, धरत नाही. मालक म्हणत, सुट्टीत पाहू. एका सकाळी भरलेली बस उतारावर आली आणि ब्रेक लागलाच नाही. पुढं चौकात गर्दी. प्रभाकरभाऊंनी गाडी आपल्या बाजूनं कठड्याला लावली आणि घासत घासत नेली. मुलांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्यांचा उजवा पाय मात्र पत्र्यात सापडला आणि गुडघ्याखालून कापावा लागला.

पोलिसांच्या आधी मालक पोचले. त्यानंतर सीटखाली दारूची अर्धी बाटली सापडली. प्रभाकरभाऊ दवाखान्यात शुद्धीवर येईपर्यंत सगळ्या पालकांत झालं होतं की ड्रायव्हर प्यायलेला होता. शाळेच्या फाटकाशी त्यांच्या नावानं घोषणा झाल्या. सगळ्यात पुढं होत्या अलोणे मॅडम. त्यांचा मुलगा त्या बसमध्ये होता.

“ज्या मानसानं जन्मात थेंब नाही घेतला,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “त्याच्या आजानं दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. घरात पंचशील म्हंजे पंचशील. रविवारी विहारात बुद्धवंदना तोच म्हनायचा, आवाज असा की बाहेरची मानसं थांबत. पुढं केस टिकली नाही, सुटला तो. पन सुटला हे कोन ऐकते? बेवडा हे सगळ्यायनं ऐकलं. विहारात जानंच सोडलं त्यानं. अंगनात बसते अन् कुबड्यायकडे पाह्यते.”

“आणि तुम्ही त्याच माणसाकडे नोकरी धरली?”

“मीच गेली.” त्यांनी गिअर टाकला. “भावाच्या रेतीच्या ट्रकवर गाडी शिकली. लायसन काढलं. मंग याच्या दारात जाऊन पाय धरले. मालक, पोट भराचं हाये म्हटलं. लय खूश झाला तो. त्याले वाटलं, झुकली.”

“तुम्हाला काय हवंय त्यांच्याकडून, बाई?”

“त्याचंच तोंड पाह्यजे,” त्या म्हणाल्या. “ज्या तोंडानं बेवडा म्हटलं, त्याच तोंडानं, त्याच लोकायपुढं.”

मला वाटलं, रागाच्या भरात माणूस बोलतो. पण चंद्रकलाबाई रागाच्या भरात काहीच करत नसत.

त्यानंतर दोनेक वर्षं गेली असतील. शाळा उघडायच्या आधी पालकांची समिती गाड्या बघणार, असं ठरलं. कुठल्याशा दुसऱ्या शहरातल्या अपघाताची बातमी आली होती, त्यामुळे पालक बिथरले होते. समितीच्या पुढारी अलोणे मॅडमच. मुख्याध्यापिका, चार-पाच पालक आणि मालक असे आमच्या बसमधून एक फेरी मारणार होते.

त्याच्या आदल्या आठवड्यात चंद्रकलाबाई मालकांकडे गेल्या. मी सोबत होते.

“मालक, ब्रेक खाली जाऊन राहिला.”

“पाहू नंतर. समितीची फेरी तेवढी होऊन जाऊ दे. हळू चालव. एवढी हुशार ड्रायव्हर तू!”

“पन मालक, उतार हाये रस्त्यात.”

“चंद्रकला, डोकं नको खाऊ.”

त्या हसल्या आणि बाहेर आल्या.

फेरीच्या दिवशी मालकांनी हात जोडून सगळ्यांना बसमध्ये बसवलं आणि स्वतः आपल्या मोटारीकडे वळले. “मी मागून येतो, तुम्ही आरामात बसा.”

चंद्रकलाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आवाज एकदम मऊ. “मालक, तुम्हीच नाही बसले तर पालकायले भरोसा कसा येईन?”

“बरोबर आहे,” अलोणे मॅडम म्हणाल्या. “बसा ना, भोजराजजी.”

मालकांचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. पण नाही कसं म्हणणार? ते चढले आणि अगदी पुढच्या सीटवर, चंद्रकलाबाईंच्या मागे बसले. दांडा घट्ट धरून.

उड्डाणपुलाचा चढ येईपर्यंत सगळं ठीक होतं. मुख्याध्यापिका गाडीतल्या औषधाच्या पेटीची चौकशी करत होत्या. बस वर पोचली, उताराला लागली आणि इंजिनाचा आवाज एकदम पडला. चंद्रकलाबाईंनी गिअर काढला होता. चाकांचा आवाज वाढू लागला.

“मालक,” त्या मागे न बघता मोठ्यानं म्हणाल्या, “ब्रेक लागून नाही राहिला.”

“काय?”

“ब्रेक. तुम्हाले सांगितलं होतं ना गेल्या आठवड्यात? लागून नाही राहिला.”

मागे कोणीतरी किंचाळलं. मी दाराजवळच्या सीटवर होते, पट्टीला लटकले. उतार अंगावर येत होता.

“हॅन्डब्रेक! हॅन्डब्रेक ओढ!” मालक उभे राहिले.

“प्रभाकरची गाडी इथंच होती, मालक. तिचाबी ब्रेक खराब होता ना?”

“गाडी थांबव, चंद्रकला!”

“थांबवीन. पहिले सांगा. खराब होता का नाही?”

“होता! होता बाई, होता!”

“तुम्हाले मालूम होतं?”

“होतं! त्यानं सांगितलं होतं! माझी मुलंबाळं आहेत गं—”

“अन् तो प्यायला होता?”

“नव्हता!” मालक आता ओरडत नव्हते, रडत होते. “नव्हता प्यायला. बाटली मीच ठेवायला लावली. आता थांबव, तुझ्या पाया पडतो!”

खरवडलेला कठडा उजवीकडून सरकत गेला. चंद्रकलाबाईंनी ब्रेकवर पाय ठेवला आणि बस हळुवार, एखाद्या झोपलेल्या लेकराला उतरवायचं असावं तशी, रस्त्याच्या कडेला थांबली.

त्या उठल्या. मालकांच्या समोर उभ्या राहिल्या. “ब्रेक मस्त हाये, मालक,” त्या म्हणाल्या. “परवाच करून घेतला. खराब ब्रेकची गाडी मी नाही चालवत.”

एक पालक उतरून रस्त्याच्या कडेला ओकत होते. अलोणे मॅडम पायरीवर बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. मुख्याध्यापिका त्यांना पदरानं वारा घालत होत्या. त्या घटकेला मला चंद्रकलाबाईंचा भयंकर राग आला होता. मी तसं म्हटलंही. “आम्हालाही नाही सांगितलं? आमचा जीव जीव नाही?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुले सांगितलं असतं तर तू घाबरली नसती. अन् तू घाबरली नसती तर तो घाबरला नसता.”

गोष्टीत असतं तर इथंच संपलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी मालक म्हणाले, जीव वाचवायला माणूस काय वाट्टेल ते बोलतो, ते खरं कसं धरायचं? बसमधला कॅमेरा नावालाच होता, तो त्यांनीच बंद ठेवलेला. मोबाइल काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं, सगळ्यांचे हात दांड्याला चिकटलेले. मालकांनी चंद्रकलाबाईंवर पोलिसांत तक्रार केली. दोन पालकांनी मालकांच्या बाजूनं सांगितलं, या बाईनं आमचा जीव धोक्यात घातला. आणि ते खोटं कुठं होतं?

उलट जाऊन बोलल्या त्या एकट्या अलोणे मॅडम. “मी त्यांचा चेहरा बघितलाय,” त्या पोलिसांना म्हणाल्या. “बाटलीचं कोणी विचारलंही नव्हतं. ते आपणहून बोलले.” त्यांच्या या बोलण्यानं शाळेनं मालकांचं कंत्राट काढून घेतलं. बस उभ्या राहिल्या आणि सगळे ड्रायव्हर, आम्ही बाया, घरी बसलो. त्यांतले काही जण चंद्रकलाबाईंच्या दारात येऊन वाटेल ते बोलून गेले. त्या उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत राहिल्या. “त्यायचं बरोबर हाये,” मला म्हणाल्या. पण मान खाली नाही घातली.

त्यांचं लायसन काही महिन्यांसाठी गेलं. त्या दिवसांत मी त्यांच्या घरी जात असे. पहिल्यांदा गेले तेव्हा प्रभाकरभाऊ अंगणातल्या खाटेवर बसले होते. मला वाटलं होतं, घरात आनंद असेल.

“ते ओकत होते म्हने एक जन,” प्रभाकरभाऊंनी मला विचारलं. “आता बरे हायेत का ते?”

“बरे आहेत.”

“पाह्य!” चंद्रकलाबाई आतून कडाडल्या. “मी इतकी वर्षं त्या हरामखोराच्या दारात हात जोडले, अन् याले ओकनाऱ्याची कायजी! तुह्यासाठी केलं ना मी?”

“माह्यासाठी नाही केलं तू,” प्रभाकरभाऊ शांतपणे म्हणाले. “मी कधी म्हटलं होतं?”

चंद्रकलाबाई दारात आल्या. हात पिठाचे. मग म्हणाल्या, “हाव. माह्यासाठी केलं. बेवड्याची बायको कोनाले म्हनत होते? मलेच ना!”

आणि आत जाऊन त्यांनी एवढ्या जोरानं पोळ्या लाटल्या की पोळपाटाचा आवाज अंगणभर ऐकू येत होता.

असंच एका दुपारी मी तिथं असताना अलोणे मॅडम आल्या. वैशाखासारखं ऊन होतं, डोक्यावर पदर नाही, छत्री नाही. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी फाटकाशी थांबून विचारलं, “प्रभाकरजी आहेत का?”

“हायेत,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. ‘या’ म्हणाल्या नाहीत. फाटकावर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

“मला त्यांच्याशी बोलायचंय.”

“बोला ना. इथूनच बोला. तेव्हा शाळेच्या फाटकातून बोलले होते ना, साऱ्या गावाले ऐकू येईन असं? तसंच बोला.”

“आत घे वं त्यायले,” प्रभाकरभाऊ खाटेवरून म्हणाले. “ऊन पाह्य किती हाये.”

“लागू दे थोडंसं.”

मॅडमच्या चेहऱ्यावरून घाम ओघळत होता. त्यांनी एकदा गल्लीतल्या बायांकडे पाहिलं, गळा साफ केला आणि खरंच मोठ्यानं बोलल्या. “प्रभाकरजी, तुम्ही प्यायलेले नव्हता. मी खोटं बोलले. काही माहीत नसताना बोलले. माझं लेकरू तुमच्यामुळं जिवंत आहे.”

प्रभाकरभाऊंनी विचारलं, “आता कितवीत हाये पोरगा?”

मॅडमला रडू फुटलं. प्रभाकरभाऊंनी कुबड्या ओढल्या, उठले, आणि स्वतः आत जाऊन पाण्याचा गडवा आणायला निघाले. चंद्रकलाबाईंनी फाटकावरचा हात काढला, पण पाणी द्यायला त्या हलल्या नाहीत. नवरा कुबड्यांवरून घराकडे चालत गेला, तेवढं त्या बघत राहिल्या. नंतरच्या रविवारी प्रभाकरभाऊ विहारात गेले. बुद्धवंदना म्हटली नाही, मागे बसून ऐकली, असं मला शेजारणीनं सांगितलं.

नंतर मी दुसऱ्या शाळेत आया म्हणून लागले आणि आमची गाठ पडेनाशी झाली. मागच्या हिवाळ्यात दिराच्या फळगाडीसाठी संत्री घ्यायला मी त्याच्यासोबत कळमन्याच्या बाजारात गेले होते. काटोलकडून आलेल्या गाड्यांची रांग फाटकाबाहेरपर्यंत लागलेली. एक मेटाडोर मधेच घुसायला बघत होता आणि त्याच्या पुढच्या मालट्रकमधून ओळखीचा हॉर्न वाजला. थांबायचं नाव घेईना.

मी धावत गेले. खिडकीत चंद्रकलाबाई! डोक्याला दुपट्टा, केस बरेच पांढरे झालेले.

“वंदना! मोटी झाली वं तू!”

“कशा आहात? प्रभाकरभाऊ?”

“बरा हाये. पुन्हा बुद्धवंदना म्हनते आता. आवाज पहिल्यासारखा नाही राह्यला, पन म्हनते.” मग त्यांनी मान बाहेर काढली आणि आवाज खाली केला. “तुले माहीत हाये का, त्या भोजराजनं पुन्हा बशी टाकल्या. साळ्याच्या नावानं. दुसऱ्या शाळेत. मी पाह्यल्या कामठी रोडवर. नवा रंग मारला, पन टायर तेच, घासलेले.”

“जाऊ द्या ना आता, बाई,” मी म्हटलं. “झालं ना तुमच्या मनासारखं.”

त्यांच्या ओठाची एक बाजू जराशी वर गेली. रांग पुढं सरकली. त्यांनी गिअर टाकला, मेटाडोरवाल्याला इंचभरही जागा दिली नाही, आणि जाता जाता मला ओरडून सांगितलं,

“भेटला तुले कुठं तर सांगजो त्याले. चंद्रकलाचं लायसन वापस आलं म्हनाव.”